राजाचा चेहरा आणि एक नासपती

श्रोतेहो, नमस्कार.

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर मनातल्या मनात काढा. एक चेहरा. गाल खाली ओघळलेले, कपाळ वर निमुळतं होत गेलेलं, डोक्यावर केसांचा झुबका. शेजारी तोच चेहरा पुन्हा काढा. आता गाल थोडे जास्त फुगवा आणि नाक-डोळे पुसट करा. तिसऱ्या चित्रात कातडीची साल होऊ द्या. चौथ्यात उरते ती एक नासपती. झुबक्याच्या जागी देठ आणि पानं.

ही चार चित्रं शार्ल फिलिपाँ या फ्रेंच चित्रकाराने १८३१च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या कोर्टात काढली. चेहरा होता राजा लुई फिलिपचा. फिलिपाँ 'ला कारिकात्यूर' नावाचं साप्ताहिक चालवत असे. त्यात राजा गवंडी होऊन भिंतीला गिलावा करतोय आणि त्या गिलाव्याखाली जुलै क्रांतीच्या, म्हणजे ज्या १८३०च्या उठावाने तो गादीवर आला त्याच्याच, खुणा बुजतायत, असं चित्र आलं होतं. खटला त्यावरचा. चित्रात कुठेही राजाचं नाव नव्हतं. साम्य होतं, एवढाच गुन्हा. तेव्हा फिलिपाँने कोर्टासमोर पेन्सिल चालवली. त्याचा सवाल सरळ होता: साम्य हाच गुन्हा असेल, तर पहिल्या चित्राबद्दल शिक्षा देताना दुसऱ्याला सोडता येणार नाही, कारण ते पहिल्यासारखं दिसतं. मग तिसरंही आलं. आणि मग नासपती काढणाऱ्यालाही तुरुंगात धाडणार का?

त्याला शिक्षा झालीच. सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड. पण चित्रं छापून आली, आणि पॅरिसच्या भिंतींवर पोरंसोरं कोळशाने नासपत्या काढू लागली. फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे बावळट माणूससुद्धा, त्यामुळे घाव दुहेरी बसला.

मला या प्रसंगात सगळ्यात मोलाची वाटते ती त्या चार चित्रांची रांग. एकटी नासपती कोणालाच काही सांगत नाही. एकटा राजाचा चेहरा म्हणजे नुसतं अर्कचित्र. चार चौकटी ओळीने मांडल्या की एकीतून दुसरीत जाण्याचं काम तुमचा-माझा डोळा करतो. आरोप चित्रकार करत नाही, वाचक मनाशी पुरा करतो. कॉमिक्सची सगळी ताकद ही आहे, आणि राजकीय व्यंगाला ती फार उपयोगी पडते. राजाने तक्रार करायची तर आधी कबूल करावं लागतं की हो, ही नासपती म्हणजे मीच.

सरकारला हे कळलं होतं. १८३५ साली फ्रान्समध्ये कायदा झाला. लेखांना आधी परवानगी लागत नव्हती, चित्रांना मात्र लागू लागली. युक्तिवाद असा, की लेख हे मत असतं, पण चित्र थेट डोळ्यांशी बोलतं आणि माणसाला चिथावतं. अक्षरओळख नसलेला हमालही चित्र वाचू शकतो, ही खरी धास्ती होती असं मला वाटतं.

फिलिपाँच्याच 'ले शारिवारी' या दैनिकाचं नाव पुढे लंडनच्या 'पंच' या व्यंग-साप्ताहिकाने आपल्या उपशीर्षकात घेतलं, आणि 'पंच'चं नाव आपल्या मुंबईतल्या 'पारसी पंच'ने, म्हणजे नंतरच्या 'हिंदी पंच'ने.

आता अमेरिका, १९५३. सिनेटर मॅकार्थी 'हा कम्युनिस्ट' म्हणून ज्याच्यावर बोट ठेवेल त्याची नोकरी जायची, असा काळ. वॉल्ट केली 'पोगो' ही दलदलीतल्या प्राण्यांची चित्रमालिका रोज वर्तमानपत्रांत काढत असे. त्याने तिथे एक रानमांजर आणलं, दाट भुवयांचं, हुबेहूब मॅकार्थीच्या तोंडवळ्याचं. प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका वृत्तपत्राने कळवलं: हा चेहरा पुन्हा दिसला तर मालिका बंद. केलीने चेहरा दाखवणं थांबवलं. कथेत प्रॉव्हिडन्सची पाहुणी येतेय असं कळताच रानमांजराने डोक्यावर पिशवी ओढून घेतली! चेहरा झाकला, आणि ज्याला कळायचं त्याला जास्तच कळलं.

आणि आपल्या देशात? आणीबाणीवर विश्वज्योती घोष यांची 'दिल्ली काम' ही चित्रकादंबरी २०१० साली आली. 'काम' म्हणजे इंग्रजीतलं शांत, निवांत. पानं सगळी मातकट तपकिरी, जुन्या फोटोंच्या रंगाची, जणू ओल्या ब्रशने पुसून काढलेली. इंदिरा गांधींचं नाव त्यात नाही. तिथे 'मून' आहे, चंद्र. जयप्रकाश नारायण आहेत 'प्रॉफेट'. सत्तेची माणसं हसरे मुखवटे घालून फिरतात. सगळ्यांच्या तोंडावर एकच हसू, अगदी सारखं, दात न हलणारं. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मारहाणीपेक्षा त्या हसण्याचीच भीती वाटली. आणीबाणीत वर्तमानपत्रांतून सगळं आलबेल असल्याचं रोज सांगितलं जायचं, ते कसं वाटत असेल, हे मला पानभर मजकुराने कधी इतकं कळलं नव्हतं.

पुस्तक मिळालं तर एक करा. घाईने पानं उलटू नका. गर्दीचं चित्र आलं की थांबा, आणि मुखवट्यांच्या त्या गर्दीत मुखवटा न घातलेली माणसं कुठे उभी आहेत, ती शोधा.

नमस्कार.