रिकॉलचे पत्र दादरला, गाडी रत्नागिरीला

(रत्नागिरीतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर आजचा विषय ‘देशी गाडी चांगली की परदेशी?’ असा छापला आहे आणि तो मीच कळवला होता, त्यामुळे त्याची जबाबदारी मला झटकता येणार नाही. मात्र या प्रश्नाकडे जाण्याची माझी वाट रिकॉलवरून जाते. एखादा भाग सदोष निघाला की कंपनी विकलेल्या गाड्या परत बोलावून तो फुकट बदलून देते, त्याला रिकॉल म्हणतात. आपल्याकडे अशी बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्या गाडीच्या मालकाचा मुलगा नापास झाल्यासारखी त्याची चौकशी होते. मला मात्र ज्या गाडीचे कधीच रिकॉल झाले नाही तिच्याबद्दल जास्त शंका येते, कारण लाखभर गाड्यांत काहीच बिघडले नाही यापेक्षा कोणी पाहिलेच नाही, हेच अधिक संभवते.

माझे साडू दादरला राहतात. त्यांनी साडेचार वर्षे वापरलेली पेट्रोलची गाडी मी घेतली. मुंबईत जुनी झालेली गाडी कशेडी घाट उतरली की नवी होते, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. एका मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. डिकीत हापूसच्या चार पेट्या आणि मागच्या सीटवर सासूबाई. आंबा घाटात, अर्ध्या चढावर, एका एस.टी.च्या मागे गाडी जी थांबली ती थांबलीच. ‘आंबा घाटात आंबे अडकले’ हा विनोद सासूबाईंचा आहे. मी तो तेव्हापासून फक्त वापरतो.

साखरप्याहून एक मिस्त्री स्कूटरवरून आला. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. सासूबाईंना अदबीने उतरवून त्याने मागची सीट उचलली, टाकीच्या झाकणाजवळ कान नेला आणि मला चावी फिरवायला सांगितले. चावी फिरवली की इंजिन लागण्यापूर्वी दोन सेकंद पेट्रोलच्या पंपाची बारीकशी घूं अशी घरघर येते. ती आपल्या इतकी सवयीची असते की नसली तरच लक्षात यावी. त्या दिवशी ती आली नाही. ‘काका, पंप गेला. थंड झाला की एकदा उचलेल, पण घाट चढू नका, मागे फिरा,’ असे तो म्हणाला. पाऊण तासाने पंपाने खरोखरच उचलले आणि आम्ही आंब्यांसकट साखरप्याला परत उतरलो.

पुढे गणपतीत साडू सहकुटुंब आले. आरती झाल्यावर मेहुणीने पिशवीतून एक पाकीट काढून ‘भावोजी, तुमच्या गाडीचं काहीतरी आलं होतं’ असे म्हणत माझ्या हातात दिले. पत्र दहा महिन्यांपूर्वीचे होते. पंपातील प्लॅस्टिकची चक्री पेट्रोल शोषून फुगते व अडकते, त्यामुळे चालती गाडी बंद पडू शकते, तरी पंप विनामूल्य बदलून घ्यावा, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. पाकिटाच्या पाठीवर दुधाचा तीन महिन्यांचा हिशेब मांडलेला होता आणि, मला कबूल केले पाहिजे, तो बरोबर होता. आर.सी. केव्हाच माझ्या नावावर झाली होती. कंपनीच्या यादीत मात्र पहिल्या विक्रीच्या वेळी लिहिलेला दादरचाच पत्ता होता. मी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न नेता नाक्यावरच्या गॅरेजात नेत असे, नाही तर तेथे चासिस नंबर पाहताच त्यांच्या लक्षात आले असते, हे खरे; पण चार पैसे वाचवणे हा दोष आहे, असे कोकणात मानण्याची पद्धत नाही.

आता कायद्याकडे येतो. अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा १९६६ साली झाला. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली रिकॉलची ऐच्छिक संहिता आणली, म्हणजे इच्छा असेल तर बोलवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. आता ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलची सक्ती करू शकते आणि १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडही आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. माझे भांडण एका अटीशी आहे: ही सक्ती ७ वर्षांच्या आतील गाड्यांनाच आहे. मुंबईची गाडी आपल्या अंगणात येते तेव्हा तिची चार-पाच वर्षे संपलेली असतात, आणि खारी हवा तिच्यावर खरे काम सुरू करते तेव्हा कायदा तिच्याकडे पाहणे बंद करतो.

‘हवेचे काय एवढे?’ असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगची हकीकत ऐकावी. तिची पिशवी फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. दमट हवा आणि तापमानाचे रोजचे चढउतार यांनी ते वर्षानुवर्षे खराब होत जाते आणि मग अपघाताच्या वेळी इतक्या जोराने पेटते की पिशवीमागचा धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे चालकावर येतात. एकट्या अमेरिकेत पिशवी फुगवणारी अशी सुमारे ६ कोटी ७० लाख उपकरणे परत बोलावण्यात आली आणि २०१७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडासारख्या कंपन्यांनी ती बदलून दिली. आपल्या कामाची गोष्ट अशी की अमेरिकेने हवामानानुसार विभाग पाडले आणि फ्लोरिडा, हवाई अशा उष्ण-दमट प्रदेशांतील गाड्यांना आधी बोलावले. जूनमध्ये कपाटातील चपलांना बुरशी येते, मिठाची बरणी पाझरते आणि जांभ्याच्या भिंतीवर शेवाळ चढते, त्या आपल्या किनाऱ्याला कोणता विभाग द्यायचा, हे आपल्या नियमांनी अजून विचारलेलेही नाही.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत आणि मूळ विषय तर आता सुरू होतो आहे, तेव्हा तो धावतच सांगतो. परदेशी गाडीचा पत्रा जाड आणि म्हणून गाडी चांगली, ही समजूत सोडावी. गाड्या आदळून त्यांच्या सुरक्षेला पाचपैकी तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ साली भारतातील गाड्या तपासल्या तेव्हा फोक्सवॅगनच्या चाकणला बनणाऱ्या पोलोला एअरबॅगशिवाय शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग लावल्यावर त्याच पोलोला चार. नाव जर्मन, कारखाना पुणे जिल्ह्यातला, फरक फक्त काय बसवले याचा. २०१८ साली पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी टाटांची नेक्सॉन ठरली. उलट भारतात बनलेली मारुती बलेनो २०१६ पासून जपानमध्ये विकली गेली, म्हणजे तेथल्या शोरूममध्ये आपली गाडी ‘इम्पोर्टेड’ झाली. शिवाय पंप, एअरबॅग, सेन्सर हे भाग तेच पुरवठादार दोन्हीकडे देतात, त्यामुळे दोषही दोन्हीकडे सारखाच पोहोचतो. म्हणून गाडी घेताना देश विचारण्याऐवजी सुरक्षाचाचणीत किती तारे मिळाले, रिकॉल झाले का, आणि झाले असल्यास भाग बदलल्याची नोंद आहे का, एवढे विचारावे. पूर्ण आयात गाडीबाबत चौथा प्रश्न असा की भाग येईपर्यंत ती कोठे उभी राहणार, कारण आपल्याकडे उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर गंजते.

निमंत्रणात आर.सी. घेऊन येण्यास सांगितले होते ते यासाठीच. माझा पुतण्या मागच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला आहे. आर.सी.वरचा १७ अक्षरांचा चासिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की रिकॉल बाकी आहे का ते कळते. नंबर सांगताना गोल दिसेल ते शून्यच समजावे, त्यात ओ हे अक्षर नसते. ज्यांच्या गाड्या मुंबईहून आल्या आहेत त्यांनी कृपया आधी रांग लावावी. कोकम सरबत त्यानंतर आहे.