सिंकखालचं कपाट एकदा उघडून बघा

(हातात पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली)

ही बाटली बघा. पाण्याचीच आहे. पण बरेच दिवस हिच्यात आमच्याकडे टॉयलेट क्लीनर असायचं. मोठा कॅन आणायचा आणि रोजच्या वापरापुरतं ह्यात ओतून ठेवायचं, ही माझीच अक्कल. वर मार्करनं 'ॲसिड' असं ठसठशीत लिहिलं होतं. ओले हात लागून लागून काय उरलंय, जवळून दाखवते. हा बघा, 'ॲ'वरचा चंद्र. बाकी सगळं पुसलं गेलं. एका रात्री घरी आलेल्या पाहुण्यानं तहान लागली म्हणून हीच उचलली. झाकण उघडताच वास आला, म्हणून निभावलं.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे: जे ज्या बाटलीत आलं, ते त्याच बाटलीत राहील. उंच कप्पा, कुलूप, सगळं त्यानंतर.

कारण ती बाटली विचार करून बनवलेली असते. ब्लीचची बाटली कधी पारदर्शक पाहिलीत? नसते, कारण उजेडानं आणि उष्णतेनं त्यातलं सोडियम हायपोक्लोराइट विघटित होतं. शिवाय त्यातून हळूहळू ऑक्सिजन सुटत असतो. दुसऱ्या घट्ट बाटलीत भरलंत तर ती फुगते. काही ब्लीचच्या झाकणांत तो वायू बाहेर पडायला बारीकशी सोय असते, म्हणून ती बाटली आडवी ठेवायची नाही.

आता ते दाबून फिरवायचं झाकण. (झाकण दाबून फिरवते, कट्-कट् आवाज) हे असलं की मुलांची काळजी मिटली, असं मलाही वाटायचं. ह्याची चाचणी खऱ्या मुलांवर घेतात, साधारण साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या. हातात बाटली देतात, पाच मिनिटांनी उघडून दाखवतात, मग आणखी पाच मिनिटं. एवढं करून १०० पैकी ८० मुलांना उघडता आलं नाही, तरी झाकण पास! म्हणजे उरलेल्या २० जणांनी उघडलं तरी चालतं. झाकणामुळे फक्त थोडा वेळ मिळतो, एवढंच. आणि तोही, आपण ते नीट लावलं असेल तर.

खरी गडबड बाटली कपाटात असताना कमी होते, वापरात असताना जास्त. आपण फरशी घासतोय, बेल वाजते, बाटली तिथंच उघडी. दार उघडायला जायचंय? आधी झाकण. कटकट वाटेल, पण सवय लागते.

आता शेजार. (सिंकखालचं कपाट उघडते) ही बिजागरी बघा, कशी गंजलीय. कोणी पाणी सांडलं नाही. टॉयलेट क्लीनरमधल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ हिला लागत होती. आणि त्याला खेटून मी ब्लीच ठेवलं होतं! दोन्ही गळून एकत्र आली तर क्लोरीन वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या नाकाच्या उंचीवर. अमोनिया असलेलं काच-क्लीनरसुद्धा ब्लीचपासून लांबच हवं. मी आता ॲसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या कपाटांत ठेवते, दोन्ही प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. ड्रेन साफ करायचा कॉस्टिक सोडा वरच्या कप्प्यात, कोरडा. तो द्रवाच्या खाली ठेवलात आणि वरून काही गळलं, तर भयंकर तापतो.

स्प्रेचे डबे शेगडीजवळ किंवा उन्हात नकोत. त्यांच्यावरच लिहिलेलं असतं, ५० अंशांच्या वर नाही.

कोणी काही गिळलंच, तर उलटी करवू नका. जाळणारा पदार्थ वर येताना घसा पुन्हा जाळतो. तोंड धुवायला लावा आणि डॉक्टरांकडे निघा, बाटली सोबत घेऊन. काय गिळलं हे ते विचारणारच, आणि त्याचं उत्तर लेबलवर असतं.

कपाट आवरताना उरलंसुरलं सगळं एकाच मोरीत एकापाठोपाठ ओतू नका, तिथंही ते मिसळतंच.

आणि ही बाटली? धुतलीय. आता कात्रीनं मधोमध कापते, म्हणजे पुन्हा कोणी भरायला नको.

(कात्री उचलते)