एक चूल, एक पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

घरात चूल वेगळी झाली की घर वेगळं झालं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे, त्या हुटराइट लोकांत शंभर-सव्वाशे माणसांची चूल एक असते आणि पैशाची पेटीही एक. एक चूल, एक पेटी. एवढे दोन शब्द ध्यानात ठेवा.

हे लोक अ‍ॅनाबॅप्टिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाचे. 21 जानेवारी 1525 रोजी झ्युरिकमध्ये कोनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला, तिथून पंथ सुरू झाला. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्मा नव्हे, जाणत्या वयात स्वतः मागून घेतलेला तोच खरा, हे त्यांचं म्हणणं. तलवार धरायची नाही, शपथ घ्यायची नाही, हेही बहुतेकांनी मानलं. दोन वर्षांच्या आतच झ्युरिकच्या सत्ताधाऱ्यांनी या पंथातल्या फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं. पुढे जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात यांच्यातल्याच एका गटाने शस्त्रं हाती घेतली, आणि इतिहास सांगणारे त्या दीड वर्षावरच पानंच्या पानं खर्च करतात. मला हा सरळ अन्याय वाटतो. शांतपणे नांगर धरणाऱ्यांनाही इतिहास असतो.

आता मोराव्हियाकडे चला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. साल 1528. निकोल्सबुर्गचा जहागीरदार लिओनहार्ट फॉन लिष्टेनश्टाइन याने या लोकांना आसरा दिला होता. तो म्हणाला, वरून कुणी तुमच्यावर चाल करून आलं तर मी हत्यार उचलीन. त्यावर याकोब वीडेमानच्या गटाने सांगितलं, आमच्यासाठी हत्यार उचललं जाणार असेल तर आम्ही इथे राहू शकत नाही. मुलं सोडून सुमारे दोनशे माणसं बाहेर पडली. जहागीरदार स्वतः घोड्यावरून काही अंतर सोबत गेला, त्यांना प्यायला दिलं, जकातही माफ केली. रागावून घालवलं नाही, पोचवून दिलं.

वाटेत एका ओसाड गावात मुक्काम पडला. बरोबर म्हातारे, आजारी, कफल्लक. तेव्हा लोकांपुढे जमिनीवर एक झगा पसरला गेला आणि ज्याच्याकडे जे होतं ते त्याने आपखुशीने त्यावर आणून ठेवलं. कुणी जबरदस्ती केली नाही. हीच ती पहिली पेटी, श्रोतेहो. जमिनीवर पसरलेला झगा.

मग ते आउस्टरलिट्झला पोचले. नेपोलियनच्या लढाईमुळे हे नाव तुमच्या कानावर असेल. ती लढाई पावणेतीनशे वर्षांनंतरची. तिथे माणसं वाढली, घरं अपुरी पडली, आणि भांडण लागलं ते ताटावरून. त्यांच्यातल्याच विल्हेल्म रॉयब्लिन याने जानेवारी 1531मध्ये पत्रात लिहून ठेवलंय: साध्या माणसांना वाटाणे आणि कोबी, आणि वडीलधारे व त्यांच्या बायकांना भाजलेलं मांस, मासे आणि चांगली वाइन. तान्ह्या मुलांना दूध पुरत नाही, हीही त्याची तक्रार होती. पंगतीत शेवटच्या पानापर्यंत सारखं वाढणारा वाढपी मिळणं अवघड, आणि माझ्या मते तोच कार्यातला सगळ्यात मोठा माणूस. आउस्टरलिट्झला तसा वाढपी नव्हता.

रॉयब्लिनचा गट फुटून आउश्पिट्झला गेला. आणि थोड्याच दिवसांत काय उघडकीला आलं? समतेसाठी भांडणाऱ्या रॉयब्लिननेच स्वतःपुरते पैसे दडवून ठेवले होते. त्यालाही बाहेर काढलं. पुढे प्रमुख झाला झिमोन शुट्झिंगर. 1533मध्ये आल्प्स पर्वतातल्या टिरोलहून याच पंथाचा याकोब हुटर आला आणि त्याने खोल्या तपासायला लावल्या. प्रमुखाच्याच खोलीत जादा कपडे सापडले, नाणी सापडली. आणखी काही आहे का, असं विचारल्यावर शुट्झिंगरने छपराखाली हात घालून 40 गुल्डन, म्हणजे तेव्हाची नाणी, काढून दिले.

पहिल्यांदा फुटली ती चूल, मग फुटली पेटी. हुटरने दोन्ही नीट बसवल्या, म्हणून त्याच्या नावाने हे लोक ओळखले जातात. 25 फेब्रुवारी 1536 रोजी इन्सब्रुकला त्याला जिवंत जाळलं.

मधली शतकं भराभर सांगतो. छळामुळे मोराव्हिया सुटलं. ट्रान्सिल्व्हानिया, मग युक्रेन झालं. एकत्र राहणं मधे दोनदा मोडलं आणि पुन्हा उभं राहिलं. 1874पासून ते अमेरिकेतल्या डकोटात आले. पहिल्या महायुद्धात सैन्यात जायला नकार दिल्यामुळे पकडलेले दोन हुटराइट भाऊ लष्करी तुरुंगात मेले, त्यानंतर बरेच जण कॅनडात गेले. आज अल्बर्टा, सस्कॅचवान, मॅनिटोबा, मोंटाना, साउथ डकोटा इथे त्यांच्या वसाहती आहेत.

वसाहत म्हणजे शेती, गोठा, कार्यशाळा आणि मधोमध स्वयंपाकघर. स्वयंपाकाची पाळी बायकांत आठवड्याने बदलते. जेवताना एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, वयाच्या क्रमाने. शाळकरी मुलांची पंगत निराळी. मजुरी कुणालाच नाही. शेताचं उत्पन्न पेटीत जातं, कारभारी हिशेब ठेवतो, आणि कपड्यालासुद्धा वयाप्रमाणे कापड मोजून मिळतं.

पण माणसं सव्वाशे-दीडशेच्या घरात गेली की अडचण सुरू होते. गोठ्याचा प्रमुख एकच, सुतारकामाचा एकच. तरुणांना जबाबदारीचं काम उरत नाही, आणि भाऊबंदांचे गट पडायला लागतात. म्हणून वाटणीची तयारी काही वर्षं आधीच सुरू होते. पैसा साठवायचा, दुसरी जमीन घ्यायची, तिथे घरं आणि गोठे बांधायचे. मग कुटुंबांच्या दोन याद्या करायच्या, दोन्हींत म्हातारे, मुलं आणि कसबी हात सारखे येतील अशा. गुरं, अवजारं आणि कर्ज, सगळ्याचे दोन भाग.

लेररलॉइट नावाच्या त्यांच्या शाखेत पुढचं फार विलक्षण आहे. कोण राहणार आणि कोण जाणार, हे शेवटपर्यंत कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे याद्या करताना चांगलं ते आपल्याकडे ओढण्यात अर्थ उरत नाही. दोन्ही याद्यांतली सगळी घरं सामान बांधतात. मग प्रार्थना होते, चिठ्ठी निघते. एका यादीतली माणसं आपापल्या घरी जाऊन गाठोडी सोडतात, आणि दुसऱ्या यादीतली नव्या चुलीकडे निघतात.

नमस्कार.