नायकाच्या मागची गाडी

जुन्या सिनेमातलं हे गाणं इथेच थांबवू या. नायक-नायिका जरा बाजूला राहू देत. मागे फुटपाथला लागून उभी असलेली ती छोटी गाडी बघा. गोलमटोल अंग, पुढे आलेलं नाक. आता तिचा पुढचा दरवाजा उघडतोय... उलटा! बिजागऱ्या मधल्या खांबाला आहेत.

ही डुक्कर फियाट. हे नाव मुंबईकरांनी लाडानं ठेवलेलं. कागदोपत्री ती फियाट ११००. इटलीत हे मॉडेल १९५३ साली आलं आणि लवकरच वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून बाहेर पडू लागलं. म्हणजे हे दृश्य १९५३च्या आधीचं असूच शकत नाही. किती नंतरचं, ते मात्र गाडी सांगत नाही. आपल्याकडे एकदा घेतलेली गाडी पंधरा-वीस वर्षं सहज वापरली जायची. पुढे हीच फियाट बदलत बदलत पद्मिनी झाली, आणि तिचे दरवाजे सरळ उघडू लागले.

आता नायकाची गाडी. लांबलचक शेव्हरोले इम्पाला. हिचं साल ओळखायचं तर मागून बघा. दोन्ही बाजूंना पसरलेले पंख आणि त्यांच्याखाली मांजराच्या डोळ्यासारखा लांबट दिवा असेल, तर ती १९५९चीच. पुढच्या वर्षी त्या जागी तीन-तीन गोल दिवे आले.

लँडमास्टर आणि अँबॅसिडर या हिंदुस्तान मोटर्सच्या दोन गाड्या. यांच्यात भल्याभल्यांची गफलत होते. बॉनेटवर लांब खोबणी दिसली, की ती अँबॅसिडर.

नंबर प्लेट वाचता आली तर सोन्याहून पिवळं. 'बीएम'नं सुरू होणारा नंबर जुन्या मुंबई राज्यातला. 'एमआर' दिसलं की समजा, १९६० उजाडलंय, महाराष्ट्र झालाय.

आणि हे दृश्य तर माझ्या फार आवडीचं. नायक स्टिअरिंग फिरवतोय, पण गाडी स्टुडिओत जागच्या जागी उभी आहे. काचेमागच्या पडद्यावर आधीच टिपलेला रस्ता धावतोय. त्यावरच्या टॅक्स्या, बेस्टच्या बस, सायकलवाले, कुणालाच सिनेमासाठी आणलेलं नाही. सगळे आपापल्या कामाला निघालेत. त्या दिवशीची मुंबई जशीच्या तशी पकडली गेली आहे, तीही नायकाच्या खांद्यामागे, तळहाताएवढ्या काचेत.

थोडं मागे घेऊ. आता सावकाश... थांबा. ती बघा, बसच्या आडून निघाली. गोल पाठ, पुढे आलेलं नाक.