३२.७१ सेकंद

(दृश्य: जलतरण तलाव. शिट्टी वाजते. मग शांतता.)

५० मीटर बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम पुढं फेकत पोहायचं. तलावाची एकच लांबी. शेजारच्या लेनमधला पोहणारा वाकतो आणि सूर मारायच्या ब्लॉकची कड बोटांनी घट्ट धरतो. सुयश जाधव नुसता वाकतो. त्याचे दोन्ही हात कोपराच्या खालीच संपतात.

ऑक्टोबर २०१८. जकार्ता, आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा. ३२.७१ सेकंद. सुवर्णपदक.

हा आकडा सगळ्यात आधी सांगितला, कारण सुयशबद्दल बोलताना नेमका तोच राहून जातो. अपघात सांगितला जातो, जिद्द सांगितली जाते. वेळ मात्र कुणी सांगत नाही. आणि पोहणारा ओळखला जायला हवा तो त्याच्या वेळेवरून.

(दृश्य: विहीर. पाण्यात सूर मारणारी मुलं.)

सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका. गावाकडं पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उतरतात, आणि एक दिवस कुणीतरी तो डबा सोडून टाकतं. सुयशच्या घरी मात्र पोहणं याच्या बरंच पुढं गेलेलं होतं. वडील स्वतः स्पर्धांत पोहलेले. मुलानं देशासाठी पोहावं, हे त्यांच्या मनात.

२००४ साली, अकरा वर्षांचा असताना, सुयशला विजेचा जबर धक्का बसला. दोन्ही हात कापावे लागले.

तो पुन्हा पाण्यात उतरला. पण उतरून करायचं काय? पोहताना तळहात आणि कोपरापर्यंतचा भाग मिळून वल्ह्याचं काम करतो: पाणी पकडायचं, मागं ढकलायचं. वल्हंच नसेल तर उरलेल्या हाताला पाणी लागतं ते अगदी थोडं. मग वेग छातीतून, कमरेतून, मांड्यांतून काढावा लागतो. छाती खाली दाबली की कंबर वर येते, आणि ती लाट पायांपर्यंत पोचून चाबकासारखी फुटते. लाट मध्येच कुठं अडली, तर भरून काढायला हात नाहीत. कृत्रिम हातही नाहीत. पॅरा जलतरणात ते लावून पोहता येत नाही.

शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या पोहणाऱ्यांचे दहा गट असतात. आकडा जितका लहान, तितकी मर्यादा जास्त. सुयशचा गट एस-७. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांचं काम जास्त, म्हणून त्याची वर्गवारी वेगळी, एसबी. एकाच गटात कुणाला हात नसतात, तर कुणाची एक बाजू दुबळी असते. पाण्यात ते बरोबरीचे ठरावेत, एवढाच त्या वर्गवारीचा हेतू.

तरी एक गोष्ट कुठलीच वर्गवारी भरून देत नाही. आपल्याकडं 'एक हात' हे जुनं माप आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. शर्यत संपते ती भिंतीला स्पर्श झाल्यावर. सुयशपाशी जवळपास तेवढाच एक हात नाही, म्हणून त्याच्या शरीराला भिंतीच्या तेवढं आणखी जवळ जावं लागतं. त्याच्या वेगानं हिशेब केला, तर हे अंतर साधारण पाव सेकंदाचं होतं. ५० मीटरमध्ये पाव सेकंदात पदकं इकडची तिकडं होतात.

(दृश्य: रिओ, जकार्ता, टोकियो. वर्षं पडद्यावर.)

२०१६ला रिओ पॅरालिम्पिक. २०१८ला जकार्ता: त्या सुवर्णाबरोबर दोन कांस्यपदकंही. २०२०चा अर्जुन पुरस्कार.

आणि मग टोकियो. १ सप्टेंबर २०२१, १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक. सुयश शर्यत पूर्ण करतो, आणि निकालात त्याच्या नावापुढं वेळच नसते. पायांच्या हालचालीचा नियम मोडला म्हणून बाद. पाच वर्षांची वाट, आणि एक चुकलेली किक.

हा प्रसंग त्याच्या गौरवपर चित्रफितींतून गाळला जातो. आम्ही मुद्दाम ठेवला आहे. दोन्ही हात नसलेल्या माणसाच्या पायांची प्रत्येक हालचाल पंच इतक्या काटेकोरपणे बघतात, कारण त्यांच्या नजरेत तो आधी खेळाडू असतो. हा मान त्याला गावातल्या सत्कारात क्वचितच मिळतो.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र.)

१९७२, जर्मनीतलं हायडेलबर्ग. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेले जवान, ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंद. भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. तेव्हापासून पॅरालिम्पिकच्या तलावात भारताला दुसरं पदक मिळालेलं नाही.

(दृश्य: हांगझोऊ. पाण्याखालचा कॅमेरा.)

ऑक्टोबर २०२३. पुन्हा आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा, पुन्हा ५० मीटर बटरफ्लाय. पुढच्या महिन्यात सुयश तीस वर्षांचा होणार आहे. या वेळी कांस्य.

छाती दाबली जाते. कंबर वर येते. लाट पायांकडं निघते. भिंत अजून एक हात लांब आहे.