ह्यात माणूस कुठं हाय?

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावात चित्राला पहिला प्रश्न ठरलेला, 'ओळखू येतंय का?' आपला काही दोष नाही. के. बी. कुलकर्णी सरांसारख्या व्यक्तिचित्रकाराने इथे विद्यार्थी घडवले. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखालचे. चेहरा हुबेहूब उतरला पाहिजे, ही सवय डोळ्यांना लागली. मलाही.

त्यामुळे शेजारच्या मावशी माझं नवं तैलचित्र बघायला आल्या, तेव्हा मी आधीच अंग चोरून उभा. चित्रात नाक नाही, डोळे नाहीत. गेरूच्या रंगाचा एक जाड पट्टा, मधेच वाकलेला, आणि खाली काळोख. "ह्यात माणूस कुठं हाय रे?" मी गप्प. मावशींचा जन्म इथल्याच शहापुरात, हातमागाच्या घरात गेलेला. जरा वेळानं म्हणाल्या, "खड्ड्यातनं उठायलाय की! कंबर धरलीया बघ."

खड्ड्याच्या हातमागावर पाय खाली सोडून दिवसभर बसलेला विणकर संध्याकाळी असाच उठतो. मला विणकर सुचलाच नव्हता. माणूस जगतो म्हणजे काय करतो? वजन पेलत उठतो, तोल जातो, पुन्हा टेकतो. तेवढंच मला रंगवायचं होतं.

चित्रकार तैयब मेहतांनी १९४७ साली मुंबईत जमावाने एका माणसाला मारताना पाहिलं. पुढे त्यांच्या कॅनव्हासवर माणसं कोसळतच राहिली. नंतर तर एका तिरप्या रेषेनं त्यांनी देहच दुभंगला. कोण पडतंय ते कळत नाही. पडणं मात्र पोटात जाणवतं.

आता तेलाचं. तैलरंगात सहसा अळशीचं तेल असतं. भाकरीबरोबर आपण जिची चटणी खातो, तीच अळशी. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्याला दिवस लागतात, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारू नका. तोवर सुरीनं खरवडायला वाव. (वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट ठेवायचा, नाहीतर भेगा पडतात.) मी आधी त्या आकृतीला डोकं काढलं होतं, चांगलं पटक्यासकट. चार दिवसांनी खरवडून टाकलं. थोडा रंग कापडाच्या विणीत अडकून राहिला, आणि आता तो डागच मान खाली घातल्यासारखा दिसतो.

काल मावशी जाऊबाईंना घेऊन आल्या. मी तोंड उघडायच्या आत मावशींचं सुरू, "हितनं बघ, हितनं." जाऊबाईंना मात्र ती बाई वाटली, डोक्यावरची घागर उतरवणारी.

दोघींचं अजून मिटलेलं नाही.