दूध-भाकरीची वाटी आणि पाठीवरचा कोंडा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली, परभणीचा पारा खाली उतरायला लागला, की आपल्या मराठवाड्यात घरातल्या छोट्या कुत्र्यांच्या पाठीवर पांढरा भुसा दिसू लागतो. पामेरियन असो, शिट्झू असो, डॅशहुंड असो, नाहीतर गल्लीतून उचलून आणलेलं तीन-चार किलोचं देशी पिल्लू असो. अंग काळं असेल तर भुसा लगेच डोळ्यांत भरतो. पांढऱ्या केसांत तो लपतो आणि सतरंजीवर सांडल्यावरच कळतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, थंडी आहे, थोडं खोबरेल चोळा. तेलाची बाटली जरा बाजूला ठेवा, कारण तेल लावलं की जे बघायचं तेच झाकलं जातं.

उवा-लिखा काढायची बारीक फणी घ्या. जमिनीवर काळा कागद किंवा जुन्या छत्रीचं कापड पसरा, पंखा बंद करा, आणि कुत्र्याला त्यावर उभं करून शेपटीच्या बुडापासून मानेकडे, केस उलटे करत फणी ओढा. खाली पडलेल्या कोंड्याकडे चांगल्या उजेडात दोन मिनिटं नुसतं बघत राहा. एखादा पांढरा कण आपसूक सरकला, तर तो साधा कोंडा नव्हे. चेलेटिएला नावाचा बारीक किडा कोंड्याखालून चालतो, म्हणून कोंडाच चालल्यासारखा वाटतो. हा किडा माणसालाही त्रास देतो. कुत्रं मांडीवर घेणाऱ्याच्या पोटावर, हातांवर खाजरी पुरळ उठते. फणीत काळे दाणे आले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

गोल चट्टा पडून केस तुटले असतील तर नायट्याची शंका घ्या. कानाच्या कडा आणि कोपरं खरबरीत होऊन कुत्रं रात्रभर खाजवत असेल, तर खरुजेची. कातडी तेलकट, आंबूस वासाची असेल, तर तिथं यीस्ट नावाची बुरशी वाढलेली असते. यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय नकोत, थेट डॉक्टर. नायटा आणि खरूज घरातल्या लेकरांनाही लागते.

पण किडा नाही, चट्टा नाही, खाजही बेताचीच, नुसता कोरडा कोंडा आणि केसांची चमक गेलेली, असं असेल तर दोन जागा तपासा. एक न्हाणीघर, दुसरी त्याची खायची वाटी.

आधी न्हाणीघर. माणसाच्या कातडीचा वरचा थर साधारण १० ते १५ पेशींचा असतो, कुत्र्याचा ३ ते ५ पेशींचाच. आपली कातडी आम्लधर्मी, त्याची जवळपास उदासीन. म्हणून लहान बाळाचा सौम्य शाम्पूसुद्धा त्याच्यासाठी बनलेला नसतो. साबणाची वडी तर त्याच्या अंगावरचं उरलंसुरलं तेलही ओढून घेते. त्यात आपलं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. जड पाण्यात साबण फुटतो, त्याचा चिकट साका होतो, तो केसांच्या मुळाशी बसतो आणि वाळला की खाज आणि भुसा. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतण्याची सवयही सोडा. त्यानं कोंडा जात नाही, कातडी आणखी कोरडी पडते.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. आधी कोरड्या अंगावरच ब्रश फिरवून गुंता काढा, कारण भिजलेला गुंता आवळत जातो. पाणी कोमट, कोपर बुडवल्यावर गरम न लागणारं. कुत्र्यांचा ओट असलेला मॉइश्चरायझिंग शाम्पू, चार किलोच्या जिवाला दोन चमचे, अर्धा लिटर पाण्यात आधी मिसळून घ्या. थेट अंगावर ओतला तर तो वरच्या केसांतच अडकतो. पामेरियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. बोटांनी केस फाकवून गुलाबी कातडी दिसली, तिथं पाणी पोचलं, की शाम्पू पोचला समजा. घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवा. मग धुवा, आणि वाटतं त्याच्या दुप्पट वेळ धुवा. बगल, जांघ आणि पोटाखाली हात फिरवल्यावर बुळबुळीत लागता कामा नये. शेवटचं चार-पाच लिटर पाणी पिण्याच्या फिल्टरचं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्या. फिल्टरमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र चुकूनही नको. बोअरच्या पाण्यापेक्षा त्यात क्षार जास्त असतात. टॉवेलनं टिपून घ्या, रगडू नका. टँकरच्या दिवसांत आंघोळ लांबली तरी बिघडत नाही. रोज पाच मिनिटं ब्रश फिरवा, म्हणजे कातडीचं स्वतःचं तेल केसभर पसरतं.

आता वाटीकडे येऊ. खरं दुखणं बहुतेक इथंच सापडतं. दुधात कुस्करलेली भाकर किंवा पोळी, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. मायेनं दिलेलं असतं, कुत्रंही चाटूनपुसून खातं. पण कातडी आणि केस प्रथिनांनी बनतात, आणि या वाटीत ती अपुरी पडतात. शिवाय ज्वारी-गव्हातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला, म्हणजे झिंकला, धरून ठेवतं, दुधातलं कॅल्शियम त्यात भर घालतं, आणि वाटीत आहे तेवढंही जस्त अंगी लागत नाही. जस्त कमी पडलं की डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पायाच्या गाद्यांवर खपल्या धरतात. पण म्हणून माणसाची जस्ताची गोळी आणून चारू नका. जास्त झालं तर उलट्या होतात, रक्तातल्या लाल पेशीही फुटतात.

चार किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला ३०० कॅलरीच्या आसपास लागतात. संपूर्ण आहार असं लिहिलेलं कोरडं खाद्य साधारण ७० ते ८० ग्रॅम होतं. अंडी-मांस न चालणाऱ्या घरांसाठी शाकाहारी खाद्यही मिळतं. घरचंच द्यायचं असेल तर भाकर निम्मी करा, दूध बंद करा. रोज अर्धं उकडलेलं अंडं आणि ४० ते ५० ग्रॅम बिनहाडाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन द्या, आणि खनिज-जीवनसत्त्वाचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण नुसत्या अंड्या-चिकननं सगळी कसर भरत नाही. येसराच्या आमटीत कांदा-लसूण असतो. तो कुत्र्याला विषारी, तेव्हा उरलेला रस्सा नकोच. बदल एका दिवसात करू नका, सात ते दहा दिवस घ्या. नाहीतर जुलाब होतात आणि दोष अंड्यावर येतो.

तेल द्यायचंच तर पोटातून द्या, आणि ते आपल्या शिवारातलंच आहे, करडईचं. कातडीतलं पाणी धरून ठेवणारा थर तेलातल्या लिनोलेइक आम्ल नावाच्या घटकापासून बनतो, आणि आपल्या नेहमीच्या करडईत ते भरपूर असतं. पाव चहाचा चमचा जेवणावर घाला, आठवड्यानं अर्धा करा, पुढे वाढवू नका. छोट्या कुत्र्याला फार चरबी झाली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. जवसाच्या चटणीत लसूण असतो, ती नको.

गोठ्यातलं गोचीडनाशक, गुरांचं इंजेक्शन आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल, या तिन्ही गोष्टी कुत्र्यापासून लांब ठेवा, हे कळकळीनं सांगतो. पाचशे किलोच्या म्हशीसाठी मोजलेलं औषध चार किलोच्या जिवावर अंदाजानं टाकलं की झटके येतात, जीवही जातो. जळकं ऑइल तो चाटतो आणि ते पोटात जातं. मेडिकलमधून आणलेली माणसाची खाजेची मलमही नको. तिच्यात स्टिरॉइड असेल तर नायटा पसरतो.

कुत्र्याची कातडी नवी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून चौथ्या आठवड्याआधी फरक शोधू नका. तेलाचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे. तोवरही कोंडा हटला नाही, किंवा मध्यम वयाचं कुत्रं न खाताच जाड होतंय, सुस्त पडतंय, दोन्ही कुशींचे केस सारखेच विरळ होताहेत, तर थायरॉइडची रक्ततपासणी लागेल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयंही आहेत.

आणि नेताना आंघोळ घालून नेऊ नका. आधीचे चार-पाच दिवस अंगाला पाणीही नको, तेलही नको. डॉक्टर कातडी खरवडून किंवा चिकटपट्टी लावून नमुना घेतात, आणि धुतलेल्या अंगावर किडा सापडत नाही. वापरलेल्या साबणाचं वेष्टन, दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि त्या काळ्या कागदावरचा कोंडा घडी घालून सोबत घ्या.